टाकीजवळची गच्ची

प्रिय छबे,

तीन वर्षांनी आईचं अक्षर बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. तुझ्या बाबांचे गुडघे तेवढे रुसलेत, त्यामुळे ते कुठे चढत-उतरत नाहीत.

मी मात्र दर महिन्याला किल्ला चढते. लहानपणी तू हट्ट धरायचीस, तेव्हा पडक्या भिंती बघायला चपला कशाला झिजवायच्या, असं मीच म्हणायचे. आता डबा नि पाणी घरूनच घेते, चारशे बारा पायऱ्या देवाचं नाव घेत चढते आणि ढासळलेल्या बुरुजावर टेकते. लोक चहूकडे फिरून देखावा बघतात, फोटो काढतात. मला एकच दिशा पुरते. नदी, पूल, पलीकडे तुझं सासर. आमच्या मनाविरुद्ध लग्न करून गेलीस, तेव्हा चिठ्ठीत पत्ता ठेवला होतास, पाण्याच्या टाकीला लागून घर, वर गच्ची. वरून टाकी दिसते, शेजारची गच्ची दिसते, दोरीवरचे कपडेसुद्धा. गेल्या थंडीपासून तिथे इवले इवले पांढरे ठिपके दिसायला लागले. बाळाची झबली! मी तिथेच हात जोडले.

परवा किल्ल्याच्या पहारेकऱ्याने दुर्बीण पुढे केली. म्हणाला, "ताई, दर वेळी एकाच जागी डोळे फोडून घेता, एकदा नीट बघा तरी." बघितलं. झबली नव्हती गं, चादरी होत्या. तिथे लॉज आहे म्हणे. तुझ्या गावात दुसरी टाकीही आहे, पण ती टेकडीआड, किल्ल्यावरून दिसतच नाही; तुझं घर तिच्याजवळ असणार. लांबून सगळंच लहान दिसतं, एवढं मला कळायला हवं होतं. आधी हसू आलं, मग डबा न उघडताच उतरले.

तुझं नाव घरात काढायचं नाही, असं बजावणारे तुझे बाबा, मी किल्ल्यावरून आले की पेपरातून डोकं न काढता विचारतात, "आज हवा स्वच्छ होती का?" मग मी झबल्यांचं सांगायचे. मागच्या महिन्यात त्यांनी माळ्यावरचा तुझा पाळणा उतरवून घेतला आणि एक स्क्रू सापडेना म्हणून घर डोक्यावर घेतलं. आता पाळणा पुसून तयार आहे. परवा मी त्यांना धुकं होतं म्हणाले. पुढच्या खेपेला काय सांगू, ते तूच कळव. बाळ नसलं तर नसू दे. आम्ही दोघांनी यायचं का, एवढंच लिही.

पोस्टमनची वाट बघणारी,
तुझीच आई