पाच पूर्णांक आठ

४ फेब्रुवारी

नऊ पूर्णांक चार! बाबांची तीन महिन्यांची सरासरी साखर. तोंडाने म्हणतात "गोडाला हात लावत नाही", आणि रक्त माझ्यापुढे चुगली करतं. बावीस वर्षं लॅबमध्ये जगाचं रक्त तपासते आणि घरात ही तऱ्हा. आई गेली ती साखरेपायीच — आधी पाय, मग मूत्रपिंडं. पुन्हा तेच बघायचं माझ्याच्याने होणार नाही.

साखरेचा डबा कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. बाबा म्हणाले, "बापाला चोर समजतेस का?" मी हो म्हटलं.

६ फेब्रुवारी

जेवताना नीट समजावलं. साखर म्हणजे सहा कार्बनची साखळी, एरवी वळून कडं करून बसलेली. कडं उघडलं की तिचं मोकळं टोक रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतं. आधी सैल, मग कायमचं. ती तांबडी पेशी मरेपर्यंत, म्हणजे साधारण एकशेवीस दिवस, सुटत नाही. त्यामुळे तपासणीआधी दोन दिवस उपाशी राहून मला फसवता येत नाही.

बाबांनी चाळीस वर्षं शिंपीकाम केलं. म्हणाले, "म्हणजे आधी कच्चा टाका, मग पक्की शिलाई." अगदी बरोबर! हसू येत होतं, पण दाबलं. हसले असते तर लगेच डबा मागितला असता.

२० फेब्रुवारी

बिस्किटांवरून वाजलं. मी म्हटलं, "आईलाही तुम्हीच लाडाने भरवत होतात." जिभेला हाड नाही ते हे असं. बाबा ताटावरून उठले.

११ मार्च

अबोला. कामापुरतं बोलणं — वाढलंय, गोळी घ्या, दार लावा.

१९ एप्रिल

दुकानातून येताना बाबा जिन्यात दोनदा बसले. तोंड पांढरंफटक. मीच सांगितलं, गोड तुटलं की थोडा अशक्तपणा येतोच. त्यांनी मान हलवली.

६ मे

पाच पूर्णांक आठ!! विश्वास बसेना, यंत्रात पुन्हा लावलं. पाच पूर्णांक आठच. घरी येऊन कागद नाचवला आणि बाबांच्या गळ्यात पडले. शाळेत असताना पडले असेन, त्यानंतर आजच. आईवरून बोलले त्याची माफी मागितली, रडलेही थोडी.

बाबा म्हणाले, "अगं, तुला एक सांगायचं होतं..." मी म्हटलं, आज कुरकुर नाही, आज फक्त हसायचं. मग तेही हसले. किती दिवसांनी घर घरासारखं वाटलं.

१४ मे

बटण तुटलं म्हणून शिलाई मशीनचा खण उघडला. रिळांखाली लिमलेटच्या गोळ्यांचे कागद. मूठभर नाही, ओंजळभर! एकेक कागद सपाट करून, घडी घालून ठेवलेला. चिंधीसुद्धा फेकायची नाही ही त्यांची सवय, तीच नडली.

अंगाचा तिळपापड झाला. बाबा झोपले होते. हल्ली दुपारचे फार झोपतात. उठवून जाब विचारणार होते, पण मधेच डोक्यात आलं — मग पाच पूर्णांक आठ कसे आले? रक्त मी काढलं. नळीवर नाव मी लिहिलं. यंत्रात मीच लावली.

१५ मे

सकाळी उपाशीपोटीची साखर बघितली. दोनशे एकतीस. साखर एवढी, आणि टाके नाहीत.

लॅबच्या टेबलाशी उभी होते. कापडच नवं असेल तर टाके कुठून असणार? कुठूनतरी रक्त जातंय, त्यातून जुन्या पेशी जातायत आणि शरीर भराभर नव्या भरतंय. त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाहीये. हिमोग्लोबिन लावलं — सहा पूर्णांक सात. पुरुषाला तेरा तरी हवं.

हिमोग्लोबिनचं यंत्र माझ्यापासून हातभर अंतरावर असतं. सहा तारखेची तीच जांभळ्या टोपीची नळी तिथे लावली असती तर मिनिटभरात कळलं असतं. लावली नाही. मला एकच आकडा हवा होता. शिकायला येणाऱ्या मुलींना मी स्वतः बजावते — रक्त जात असेल तर तीन महिन्यांच्या साखरेवर विसंबू नका. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला. म्हणाल्या, "रक्त कुठून जातंय ते शोधा. आजच." बाबांना तसंच उचलून दवाखान्यात नेलं. वाटेत म्हणाले, "गोळ्या खाल्ल्या मी. रागावू नकोस."

१८ मे

जठरात गाठ. यकृतावरही पसरली आहे. डॉक्टर म्हणाले, "मार्च-एप्रिलमध्ये आला असतात तर..." मी एप्रिलचं पान उघडून बघितलं. जिना, पांढरं तोंड, सगळं माझ्याच अक्षरात लिहिलंय.

१९ मे

कपाटाचं कुलूप काढलं. डब्यात मुंग्या झाल्या आहेत.

२० मे

मुंग्या निवडून चहात दोन चमचे साखर घातली. बाबांनी एक घोट घेतला आणि कप बाजूला ठेवला. चव लागत नाही म्हणाले.

२१ मे

जठरात रक्त जात असलं की शौचाला काळं होतं. आज विचारलं, कधीपासून होत होतं. म्हणाले, मार्चपासून. मला का नाही सांगितलंत? "तेव्हा आपण बोलत नव्हतो ना. मग त्या आकड्याच्या दिवशी सांगायला गेलो. पण तू गळ्यात पडलीस. म्हटलं, आज राहू दे."