दर रविवारी चमचाभर मीठ

प्रिय थोरल्या,

हे पत्र शनिवारच्या आत तुझ्या हातात पडेल का, हे विचारायला काल पोस्टात जाऊन आलो. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, उद्यापर्यंत टाकलंत तर पडेल. दारापर्यंत आलो आणि परत जाऊन विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, आजोबा, आधी लिहा तरी. म्हणून लिहायला बसलो आहे. फोनवर तू भराभर बोलतोस, मी हो हो म्हणतो, आणि कशाला हो म्हटलं ते फोन ठेवल्यावर कळतं. आईला शनिवारी म्हाताऱ्या माणसांच्या त्या संस्थेत ठेवायचं, यालाही बाबांनी हो म्हटलं, असं तू धाकटीला सांगितलंस. माझी शाळा अर्धवट सुटली, तेव्हा ऱ्हस्वदीर्घाकडे बघू नकोस. कागदावर मला मध्येच कुणी तोडत नाही, एवढंच.

आधी तुझ्या झाडांबद्दल सांगतो. तुला वाटेल, म्हातारा विषय बदलतोय. बदलत नाही.

तुझ्या जुन्या खोलीत तू दिवे टांगून दिलेस, खाली टोमॅटोच्या तीन कुंड्या आणि मिरचीची एक. मला तेव्हाच धास्ती होती. विजेचं काम, वर पाण्याचं काम, आणि तुझी आई मधून फिरणार. पहिला आठवडा मी वायर गरम होते का ते हात लावून बघत होतो. खालचा वॉचमन विचारायचा, काका, फोटो स्टुडिओ काढला का. पण झाडं वाढली, फुलंही आली. बंद खोलीत वारा नाही, माशी नाही, फळ धरणार कसं, याची मला काळजी. तू सांगितलं होतंस की फूल हलवावं लागतं. ते काम तुझ्या आईनं घेतलं. रोज सकाळी ती प्रत्येक फुलाला बोटानं हलकी टिचकी मारते आणि म्हणते, उठा, उजाडलं. उजाडलेलं म्हणजे तुझा दिवा. पण फळ धरलं.

मग खालची पानं पिवळी पडू लागली. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, जशी जुन्या बनियनची जाळी दिसते. धाकटीनं फोटो काढून तुला पाठवले. तू फोन केलास तेव्हा मी आंघोळीला होतो, आईनं घेतला. झाडाला काहीतरी कमी पडतंय, मी पुडकं पाठवतो, असं तू तिला सांगितलंस. पुडकं आलं. त्यावर बारीक इंग्रजी अक्षरं आणि आत पांढरे खडे. आम्ही दोघांनी मिळून तो धुण्याचा सोडा ठरवला. दोनदा कपडे धुतले, मळ होता तिथेच. तुझी आई म्हणाली, पोराला कुणीतरी फसवलं. पुडकं मोरीत वरच्या फळीवर गेलं.

त्यानंतर पानांच्या कडा जळायला लागल्या. टोकापासून तपकिरी, हात लावला की पापडासारखा चुरा. पानं होडीसारखी वर वळली. तू म्हणालास, दिवा जवळ आहे, वर घ्या. मी स्टुलावर चढून घेतला, तुझी आई खालून स्टूल धरून. पडलो असतो तर दोघांनाही नेलं असतंस. काही फरक पडला नाही. तू म्हणालास, पाणी जास्त होतंय. कमी केलं, तर आणखी वाईट. तू म्हणालास, पंख्याची झळ लागत असेल. पंखा बंद केला.

मी जन्मभर शिवणयंत्रं दुरुस्त केली. टाका सुटतो म्हणून गिऱ्हाईक आलं की आधी सुई बदलायची, चालवून बघायचं. मग दोरा, चालवून बघायचं. एका वेळी एकच. सगळं एकदम बदललं तर यंत्र चालू होईल, पण बिघाड कुठे होता ते कधी कळणार नाही. म्हणून मी खुर्ची घेऊन झाडांसमोर बसलो. दिव्यानं जळलं असतं तर वरची पानं आधी जळली असती. इथे खालची, सावलीतली पानं सगळ्यात जास्त जळलेली. माती ओली, तरी झाड मलूल. आणि कुंडीच्या काठाला पांढरा थर. बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट. पुन्हा ठेवलं, कारण माझा माझ्या जिभेवरही विश्वास नाही. खारटच.

रविवारी दाराआड उभा राहिलो. तुझी आई स्वयंपाकघरातून तांब्या घेऊन आली, बरणीतलं मीठ चमच्यानं त्यात घातलं, ढवळलं आणि चारही कुंड्यांना सारखं वाटून दिलं. मी म्हटलं, अगं हे काय करतेस. ती माझ्याकडे असं बघायला लागली की मीच खुळा. म्हणाली, थोरल्यानं सांगितलंय. दर रविवारी, पाण्यात चमचाभर मीठ. तुम्ही मध्ये पडू नका, तुम्हाला झाडांतलं काय कळतं.

मी हसलो रे. भिंतीला टेकून हसलो. मिठाची बरणी इतक्या लवकर कशी संपते, याचाही घोर लागला होता, तोही मिटला. तेच हसत तुला फोनवर सांगितलं, तर तू हसला नाहीस. म्हणालास, बाबा, आता फार झालं. आज झाडात घातलं, उद्या तुमच्या चहात काय घालेल. मी घाबरलो. मला घाबरायला वेळ लागत नाही. तू बोलत गेलास आणि मी हो हो म्हणत गेलो.

आता घाबरलेलो नाही. म्हणजे आहे, पण वेगळ्या गोष्टीला.

तुझी आई विसरते, हे मी नाकारत नाही. स्वतःच्या बहिणीचं नाव विसरली. गॅस एकदा चालू राहिला, तेव्हापासून रात्री नळीचा कॉक मी बंद करतो आणि उठून तीनदा बघतो. परवा मला म्हणाली, अहो मशिनवाले, चहा घेणार का. लग्नाआधी ती शर्टांना काजं करायची त्या कारखान्यात मी तिचं यंत्र दुरुस्त करायला गेलो होतो, तेव्हा असंच म्हणाली होती. तेव्हा लाजून नको म्हटलं होतं. परवा घेतला. चहात साखरच होती. संध्याकाळ झाली की तिचा जीव कासावीस होतो, घरातच बसून घरी चला म्हणते. मी तिला झाडांच्या खोलीत नेतो. तिथे दिवे लागलेले असतात, ती टोमॅटो मोजते, चुकते, पुन्हा मोजते, आणि शांत होते. तू मोठ्या कौतुकानं सांगितलंस की त्या संस्थेत शिस्त आहे, अंधार पडला की सगळ्यांचे दिवे एकदम मालवतात. तुझ्या आईला त्या अंधारात घरी कोण नेणार?

झाडांचं म्हणशील तर चारही कुंड्या मी न्हाणीघरात नेल्या आणि साध्या पाण्यानं धुऊन काढल्या. बादलीवर बादली. खालून निघणारं पाणी चाखायचं काम तुझ्या आईचं. ती तोंड वाकडं करायची, मी आणखी ओतायचो. शेवटी म्हणाली, आता गोड आहे. कंबर अजून दुखते, पण ते असो. मिरची गेली. टोमॅटो तिन्ही जगले. मग तुझं पुडकं मोरीतून काढलं, धाकटीकडून त्यावरचं वाचून घेतलं आणि त्यातलं दिलं. पिवळेपणा थांबला. नवी पानं स्वच्छ येताहेत. जळलेली पानं परत हिरवी होत नाहीत. रोपवाटिकेतला माळी म्हणाला, ती छाटून टाका, दिसायला बरं. मी म्हटलं, अर्धं पान अजून हिरवं आहे ना, मग ते तेवढं काम करतंय, राहू दे. तो म्हणाला, जशी तुमची मर्जी. माझी मर्जी आहेच.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. संस्थेतल्या बाईंनी मला फोन केला होता. तू त्यांना मिठाची गोष्ट सांगितली आहेस, म्हणे आईचं डोकं ठिकाणावर नसल्याची तीच मोठी खूण. थोरल्या, ती गोष्ट पुरी सांग. पुडक्यातल्या त्या पांढऱ्या खड्यांना, आईला समजावं म्हणून, फोनवर तूच मीठ म्हणालास. घरात मीठ एकच असतं. डोकं ठिकाणावर असलेली कुठलीही बाई तेच घालती. आणि ज्या बाईला बहिणीचं नाव आठवत नाही, तिनं तुझा शब्द एकही रविवार न चुकता पाळला. तूच सांग, ही कसली खूण. धाकटीनं भरलेली आईची बॅग मी रिकामी केली आहे, लुगडी परत कपाटात लावली आहेत, वाकडीतिकडी का होईना. मला काही झालं तर पुढे काय, या विचारानं मला झोप येत नाही, पण त्यासाठी घरात कामाला बाई ठेवू, धाकटीशी बोललो आहे, ती रडली आणि हो म्हणाली. आई कुठेही जाणार नाही. हे मी हो हो म्हणत नाही, नाही म्हणतो आहे. तू मात्र शनिवारी ये. पहिला टोमॅटो लाल झाला आहे आणि ती मला हात लावू देत नाही, थोरल्यासाठी आहे म्हणते. ती तो चिरेल आणि त्यावर मीठ भुरभुरेल, जरा जास्तच. निमूट खा.

तुझाच, अजून स्टुलावर चढू शकणारा,
बाबा