डांबर खरवडण्याच्या अटीवर

शनिवारी पार्सलने आलेले सामान व त्याची किंमत:

मागच्या चाकांचे ब्रेक लायनर, एक सेट – रु. ७८०
पुढच्या चाकांचे ब्रेक लायनर, एक सेट – रु. ८६०
व्हील सिलिंडर, चार नग – रु. १,३६०
मास्टर सिलिंडर, एक – रु. १,७२५
ब्रेकचे लोखंडी पाइप, पूर्ण सेट – रु. १,१५०
ब्रेक ऑइल, एक बाटली – रु. २४०
पार्सलचे भाडे – रु. ११०
एकूण – रु. ६,२२५

सामान उघडून पाहिले, बरोबर आहे. ते देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवले आहे. ते घरात आल्यावरच हा कागद लिहायला घेतला.

मी, जमुना मोतीराम पागधरे, वय चौसष्ट, शिक्षण जुनी मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार धाकटी डहाणू, तालुका डहाणू, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. साखर थोडी वाढली आहे, पण साखरेने अक्कल जात नाही. मला कोणी दटावलेले नाही, फूस लावलेली नाही. उलट हा कागद लिहू नये म्हणून दोघांनी समजावले, त्यांचे ऐकलेले नाही.

मृत्युपत्र आत्ताच का, तर माझा मुलगा जिग्नेश याने मागितले म्हणून. चैत्रात, आमच्याबरोबर बोंबील वाळवून विकणारी हिरी दवाखान्यात पडून होती. तिच्या खाटेशेजारी मी जिग्नेशला म्हटले, आता तरी गाडीच्या ब्रेकचे काम कर. तेव्हा तो हसून म्हणाला, "तू गेल्यावर मला जे देणार ते आत्ताच दे, त्यातून करतो." हिरी ऐकत होती. शेजारच्या खाटेवरची बाईही ऐकत होती. ठीक आहे. मी काय देणार आणि कशावर देणार, ते पुढे लिहिते.

कलम पहिले, गाडीविषयी.

ही गाडी म्हणजे सन दोन हजार तीनचा छोटा पिकअप. माझे यजमान कै. मोतीराम यांनी गुडघे गेल्यावर होडी विकली आणि त्या पैशात तो जुनाच घेतला. ते २०१५ साली वारले, तेव्हापासून गाडीचे कागद माझ्या नावावर आहेत. चावी मात्र जिग्नेशकडे, गुजरातच्या सीमेलगत वेवजीला, तो राहतो त्या सासुरवाडीच्या अंगणात. म्हणजे उद्या रस्त्यावर कोणी मेले तर समन्स माझ्या नावाने येणार आणि गाडी चालवणारा म्हणणार, आईला विचारा.

जुन्या गाडीचे दुखणे मला नवे नाही. क्लच प्लेट दोनदा बदलली, एकदा चार हजार दोनशेला, एकदा पाच हजाराला, मजुरी वेगळी. रेडिएटर फुटला, तीन हजार आठशे. सेल्फ मारेना म्हणून त्याची तार नव्याने गुंडाळून आणली, चौदाशे. मागचे स्प्रिंगचे पाटे बसले ते ओझ्याने, आणि ओझे कोणी भरले ते मी लिहीत नाही, भरणारा वाचतोच आहे. या खर्चाबद्दल माझी तक्रार नाही. म्हातारी गाडी म्हाताऱ्या माणसासारखी, औषध मागणारच. माझा संताप ब्रेकचा आहे, आणि तो पैशाचा नाही.

ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते. यजमान दर्यावर वाढले. होडीला दरवर्षी नारळी पौर्णिमेच्या आत तळाशी डांबर लावायचे, फळ्यांच्या फटीत कापूस आणि राळ ठोकून भरायची, हे त्यांच्या हाताला लहानपणापासून माहीत. होडी गेली, पण हात गेले नाहीत. गाडी आली त्याच वर्षी ते अंगणात तिच्याखाली गोणपाट टाकून शिरले आणि चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, खालून जेवढी भोके होती तेवढी सगळी कापूस-राळेने बुजवून वर डांबर फासले. ती भोके पाणी गळून जाण्यासाठी असतात. मी सांगितले होते. ते म्हणाले, "तू मॅट्रिक पास, मी दर्या पास." आणि पौर्णिमेला गाडीला हार घालून ओहोटीच्या वाळूवरून गुडघाभर पाण्यात नेली, नारळ सोडला, पुसून घरी आणली. वर मासळीच्या टोपल्यांतून खारे पाणी गळतच असते. ते चासीत शिरले आणि बाहेर यायला वाट नाही.

ते गेल्यावर जिग्नेशने हे बंद करायचे, तर त्याने वाढवले. दरवर्षी बापाच्या डांबरावर आणखी एक थर. दरवर्षी पौर्णिमेला गाडी पाण्यात. मी देवाधर्माची बाई आहे. दर्याची पूजा मीही करते, माझे सौभाग्य त्याने चाळीस वर्षे सांभाळले. पण दर्याला नारळ द्यायचा असतो, गाडी नव्हे.

मग ब्रेकचे ऑइल उतरू लागले. डहाणूच्या एका मेकॅनिकने मास्टर सिलिंडर बदलला. ऑइल उतरतच राहिले. दुसऱ्याने लायनर बदलले. तरी उतरतेच. शेवटी जिग्नेशने सीटमागे ऑइलची बाटली ठेवली. सकाळी देवाला दिवा आणि गाडीला ऑइल, असा त्याचा नेम झाला. तलासरीत माझा भाऊ प्रविण याच्या ओळखीचा एक म्हातारा गुजराती मेकॅनिक आहे, त्याच्याकडे मी स्वतः बरोबर गेले. तो गाडीखाली निजला. बाहेर आला तो हात काळे करून. म्हणाला, "मासी, आ तो होडी छे." त्याने एका जागी पट्टीने डांबर सोलून दाखवले. आतला ब्रेकचा पाइप भिजलेल्या पापडासारखा झाला होता. हाताने दाबला तर चुरा. वरच्या डांबराने तो कोणाला दिसत नव्हता, इतकेच. त्याने स्पष्ट सांगितले, सगळे डांबर खरवडायचे, भोके मोकळी करायची, कुजला असेल तेवढा पत्रा कापून वेल्डिंग करायचे, पाइप नवे टाकायचे. त्याशिवाय वरून काहीही बदला, फुकट.

जिग्नेशने गाडी तशीच बाहेर काढली. रस्त्यात मी विचारले, तर म्हणाला, "बाबांनी शेवटचं लावलेलं डांबर आहे ते. त्यांच्या अंगठ्याचा ठसा आहे त्यात. खरवडायला कसं सांगतेस तू?"

तो ठसा मलाही माहीत आहे, डाव्या बाजूला आहे; तेवढी जागा सोडूनच तो दरवर्षी थर देतो. पण त्यानंतर चैत्रात, महालक्ष्मीच्या जत्रेच्या दिवसांत, सायवनचा बाजार करून परत येताना उतारावर पायाखालचे ब्रेकचे पॅडल तळाला जाऊन बसले. मागे सुक्या बोंबलाच्या टोपल्यांवर हिरी आणि आणखी दोघी बसल्या होत्या. जिग्नेशने गाडी बांधाला घासत नेऊन थांबवली, हे त्याचे कसब, ते मी नाकारत नाही. हिरीचे गळ्याजवळचे हाड मोडले. घरी येऊन तो म्हणाला, देवीने वाचवले, आणि नारळ फोडून आला. देवीने वाचवले हे खरेच आहे. पण देवीला तेच काम दर बाजाराला सांगायचे नसते.

त्यानंतर त्याने काय केले? जो पाइप फुटला तेवढाच बदलला, बाकीचे तसेच. आणि टपावर नवा कर्णा बसवला. म्हणे लोक बाजूला होतात.

तरी गाडी त्याच्याकडून काढून घेत नाही. तिच्यावर त्याचे घर चालते आणि नातवाची शाळाही. म्हणून असे ठरवते: वरील सामान मी जिवंतपणीच जिग्नेशला देते. तलासरीच्या मेकॅनिकची मजुरी व वेल्डिंगचे पैसे प्रविणच्या हाती आगाऊ ठेवले आहेत. पैसे नाहीत हे कारण आता संपले. डांबर पूर्ण खरवडून काम झाले, तर गाडी माझ्या पश्चात त्याची. नाही झाले, तर प्रविणने ती भंगारात काढावी आणि भंगाराचे पैसे हिरीला द्यावेत.

कलम दुसरे, घराविषयी.

राहते घर, दोन खोल्या, पडवी व मागची विहीर, यांत निम्मा वाटा मुलगी संगिता हिचा. निम्मा जिग्नेशचा, वरच्याच अटीवर. अट मोडल्यास त्याचा वाटा त्याची पत्नी भाविनी हिला जाईल. बहिणीने हिसकावला असे त्याने गावात सांगत फिरू नये म्हणून हे मुद्दाम लिहिले आहे.

कलम तिसरे.

माझी मोहनमाळ भाविनीला, कोणत्याही अटीशिवाय. सायवनच्या प्रकारानंतर ती मुलाला घेऊन एसटीने येऊ-जाऊ लागली. जिग्नेशने तिला माझ्यादेखत विचारले, तुझा माझ्यावर विश्वास नाही का. ती म्हणाली, "तुमच्यावर आहे. ब्रेकवर नाही." या घरात एवढे सरळ वाक्य फार दिवसांनी ऐकले. ती सून म्हणून आली तेव्हा तिला मराठी येत नाही म्हणून माझी नणंद पुतळी चार बायकांत हसली होती. पुतळीने आता हे वाक्य ऐकावे.

कलम चौथे, पुतळीविषयी.

माझा तांब्याचा हंडा तिने संगिताच्या लग्नात नेला. तो तिने ठेवून घ्यावा. मी मागणार नाही. फक्त तो आपल्या माहेरचा आहे असे पाहुण्यांना सांगणे बंद करावे. तिचे माहेर म्हणजे माझेच घर, आणि तिथे तसला हंडा कधी नव्हता.

कलम पाचवे.

मागच्या अंगणातली बांबूची वलांडी, ज्यावर आम्ही बोंबील वाळवतो, ती हिरीने हयातभर वापरावी. कोणी भाडे मागू नये. पोस्टातल्या ठेवीतून आधी हिरीच्या खांद्याचा राहिलेला इलाज, मग महालक्ष्मीला एक वर्षाचे दिव्याचे तेल, उरेल ते संगिताला.

कलम सहावे, अंत्यविधीविषयी.

खर्च बेताचा करावा. दहाव्याला मंडप नको. आणि काम झालेले नसेल तर माझे प्रेत त्या गाडीतून नेऊ नये. मेलेल्याला कसली भीती, असे कोणी म्हणेल. बरोबर बसणारे जिवंत असतात.

कलम सातवे.

यजमानांचा डांबराचा ब्रश, राळ वितळवायचे भांडे आणि ठोकणी जिग्नेशला. ही त्याच्या बापाची खरी निशाणी. ज्याला बापाची आठवण ठेवायची आहे त्याने एखाद्याच्या होडीला डांबराचा हात लावून द्यावा. गावात होड्या अजून आहेत आणि त्यांना डांबर लागतेच. डाव्या बाजूचा अंगठ्याचा ठसा असलेला तुकडा मेकॅनिकने सावकाश सोलून काढावा, असे मी त्याला सांगून ठेवले आहे. तो म्हणाला, निघेल. निघाला तर जिग्नेशने घरी ठेवावा. तुटला तर तुटला.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रविणने करावी. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

सही: जमुना मोतीराम पागधरे

साक्षीदार, ज्यांना या कागदातून काही मिळायचे नाही व ज्यांच्यासमोर मी सही केली:
१. रविंद्र अंभिरे, निवृत्त पोस्टमन, धाकटी डहाणू
२. सुषमा राऊत, अंगणवाडी सेविका, धाकटी डहाणू

ठिकाण: धाकटी डहाणू. तारीख: १३ ऑगस्ट २०१८, श्रावणी सोमवार.

ता. क. – जिग्नेश, असा कागद माणूस गेल्यावर उघडायचा असतो हे मलाही माहीत आहे. रविंद्रभाऊंनीही सही करताना तेच सांगितले. तरी नक्कल तुला आजच रजिस्टरने पाठवते आहे. मी जाईपर्यंत थांबले आणि मधे पुन्हा एखादा उतार आला, तर हा कागद वाचायला तू नसशील. आईचा कागद मुलाने वाचायचा असतो. मुलामागे राहून त्याचे कागद काढायची पाळी माझ्यावर आणू नकोस. तेरा दिवसांनी नारळी पौर्णिमा आहे. तू पुन्हा गाडीखाली शिरशील, हे मला दिसते आहे. या वर्षी खरवडायची पट्टी घेऊन शीर. सामान न्यायला ये, पण एसटीने ये. फोन करू नकोस, फोनवर तू हो म्हणतोस. डांबर खरवडायला गाडी कोणत्या दिवशी लावतोस, ते तुझ्या हाताने लिहून उलट टपाली कळव.