काकूंना वाचून दाखवलेली ओळ

३ जून, सोमवार
नव्या नोकरीत हजर झालो. चौतिसाव्या वर्षीही शाळेच्या पहिल्या दिवसासारखी धडधड होत होती. तिसरा मजला, खिडकीजवळचं टेबल, खुर्ची कुरकुरते पण चालायचं. आमचं काम यंत्राच्या गाभ्याचं, म्हणजे ज्याला कर्नल म्हणतात त्याचं. आईला फोनवर सांगितलं, तर तिने विचारलं की हे काम बसून असतं की उभ्याने.

इथली एक जुनी पद्धत आहे. केलेला प्रत्येक बदल कागदावर छापायचा, करणाऱ्याने तो मोठ्याने वाचायचा आणि काकूंनी कागदावर नजर ठेवून ऐकायचं, मग पेन्सिलीने सही करायची. वाचनाचं रेकॉर्डिंगही होतं. काकू म्हणजे इथल्या सगळ्यात जुन्या, साहेबसुद्धा त्यांना काकूच म्हणतात. सव्वीस वर्षं झाली, दोन महिन्यांनी निवृत्त होतील. मला म्हणाल्या, माझ्यापुढे वाचायला येताना घसा साफ करून ये. बाई आवडल्या आपल्याला.

६ जून, गुरुवार
काम मिळालं, तेही भारी. एका यंत्रात बऱ्याच बंद खोल्या करून ठेवलेल्या असतात, प्रत्येक गिऱ्हाइकाला एक. प्रत्येक खोलीला एक मालक. आत तो राजा, उंबऱ्याबाहेर त्याला कुत्रं विचारत नाही. हा मालक एखाद्या प्रोग्रामवर अधिकाराचा शिक्का मारू शकतो, पण तो शिक्का त्याच्याच खोलीत चालला पाहिजे. शिक्का कुठल्या खोलीचा हे बघणारी ओळ मी लिहायची.

चाचणीसाठी एका खोलीत छोटासा प्रोग्राम ठेवलाय. समोर येईल ते तो मोठ्याने वाचतो. गंमत म्हणून त्याला माझा आवाज दिला आणि सगळ्या अधिकारांचा शिक्का मारला. खोलीतल्या खोलीत मिरव म्हटलं, लेका.

१३ जून, गुरुवार
माझी ओळ बरोबर शिक्क्यांनाही अडवतेय. आठवडा गेला, चूक सापडत नाही. साहेबांना उद्या काम हवंय. विचारायला जावं तर पहिल्याच कामात तोंडघशी. काकूंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. दुसऱ्याने आधीच अंधुक दिसतं, आणि डॉक्टरांनी दोन आठवडे वाचायचं नाही अशी ताकीद दिलीय. तरी काळा चष्मा लावून येऊन बसल्यात. माझ्या कामासाठी खास.

१४ जून, शुक्रवार
ओळ काढून टाकली. चाचणी लगेच पास झाली.

काकूंपुढे कागद वाचला. त्या जागेवर आलो तेव्हा कागदावर नसलेली ओळ वाचली, अगदी बेमालूम. शिक्का कोणत्या खोलीचा ते तपास, खोली वेगळी असेल तर नकार दे. काकू म्हणाल्या, छान लिहिलंयस रे, आणि मी बोट ठेवलं तिथे सही केली. सोमवारी दुरुस्त करून टाकीन. कोणाला कळायचंही नाही.

पण घरी येऊन जेवण गेलं नाही.

१८ जून, मंगळवार
सोमवारी पोहोचायच्या आत बदल सगळ्या यंत्रांवर गेला होता. आता काय म्हणून सांगू?

दुपारी जेवायला बसलो होतो. भिंतीवरच्या स्पीकरमधून माझा आवाज आला. शिक्का कोणत्या खोलीचा ते तपास. तेवढंच, तीनदा. सगळे हसले, म्हणाले आवाज चांगला आहे, जाहिरातीत काम मिळेल. मी ताट तसंच टाकून टेबलाशी आलो. चाचणीच्या प्रोग्रामची खोली उघडून पाहिली. रिकामी.

२० जून, गुरुवार
गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या. खोल्यांमधलं काहीतरी बाहेर येऊन सगळ्यांच्या फायली वाचतंय. साहेबांनी कागद काढला, ओळ नाही. रेकॉर्डिंग लावलं, ओळ आहे. मग ठरलं, की वाचल्यानंतर कोणीतरी कागद बदलला. कागद तर काकूंच्या कपाटात होता.

काकूंनी सगळ्यांसमोर मला विचारलं, तू वाचली होतीस ना रे ती ओळ. मी हो म्हणालो.

एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. म्हणूनच जास्त लाज वाटते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. काकूंनी पर्स उचलली, भिंत धरत धरत गेल्या. मी हातही दिला नाही.

२१ जून, शुक्रवार
ओळ परत घातली. उपयोग नाही, तो आधीच बाहेर आहे. लिफ्टमध्ये बोलला. आईचा फोन आला, की सकाळी किती गोड बोललास, रोज असा करत जा फोन. मी फोन केला नव्हता—

साहेबांना सांगायला गेलो. केबिनमधून आधीच माझा आवाज येत होता. काकूंविरुद्ध तक्रारी सांगत होता. मी दारातून परत आलो. परत आलो मी.

२४ जून, सोमवार
काकूंकडे आलोय. एकट्याच असतात. म्हणाल्या, सकाळी फोन केलास ते बरं झालं, तूच आठवण करून दिलीस की कागद मीच बदलला. डोक्यात काही राहत नाही बघ आता. माझी माफी मागितली. माझी. त्यांचा राजीनामा टेबलावर आहे, संध्याकाळी ऑफिसातून न्यायला येतील.

सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तो आहे. त्या विचारतायत, मग हा समोर बसलाय तो कोण.

काय बोलू? आवाज तर दोघांचा एकच. म्हणून लिहितोय, हे पान त्यांना देईन, कोणालाही वाचायला लावा म्हणेन. काकू, ओळ कागदावर नव्हती. मी काढली. तुम्हाला दिसत नव्हतं म्हणून मी—

काकू हात पुढे करतायत. पान मागतायत. फोनवरचा म्हणतोय, कॅमेऱ्यापुढे धरा काकू, मी वाचून दाखवतो. आणि त्या हो म्हणाल्या. विश्वासाने, जशा माझ्या—

नका काकू, तो इथे लिहिलंय ते नाही वाचणार, तो