बदली उभं राहण्याआधी

आबा,

परवा शनिवारी दुपारी मी फेटा घालून स्टेजवर गेले. बाईमाणूस, साठीला टेकलेली, गुडघे कुरकुरणारे, आणि डोक्यावर तुमच्या ट्रंकेतला प्रधानाचा केशरी फेटा. तुम्ही आत पुठ्ठा घालून शिवून ठेवलेला, म्हणून बांधायची कटकट नव्हती. हसू नका. तुम्हाला एक विचारायचं आहे, पण ते मागाहून. आधी नाटकाचं सांगते, कारण नाटकाचं झाल्याशिवाय तुम्ही दुसरं काही ऐकून घेत नव्हता.

हे लष्करात होते, सिकंदराबादला आम्ही दोघांनी ख्रिस्ती लोकांतला मॉर्मन पंथ घेतला आणि यांची रिटायरमेंट झाल्यावर सांगलीला परत आलो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पहिल्या सकाळी आईनं चहा पुढं केला आणि मी कप सरकवला. आमच्यात चहा नाही, तंबाखू नाही, दारू तर नाहीच. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "देव बदललास, ते तुजं तू बघ. पर चहा सोडलास, हे लय झालं." मग माझाही कप तुम्हीच संपवलात. एवढंच तुमचं भांडण. शेजारपाजारचे महिनोन्‌महिने बोलत राहिले, तुम्ही त्यानंतर अवाक्षर काढलं नाहीत. मला ते तेव्हा फार बरं वाटलं. आता वाटतं, थोडं भांडला असतात तर बरं झालं असतं.

आमची इथं चार-सहा घरं आहेत, अजूनही तेवढीच. पगारी पुजारी कुणी नाही, ज्याला जे येतं ते त्यानं करायचं. अध्यक्ष आहेत ते जन्मभर खांबावर चढलेले वायरमन. नर्सबाई पेटी वाजवतात. मला नाटक येतं, म्हणून दर नाताळला येशूच्या जन्माचं नाटक मी बसवते, आणि त्याला कपडे अजून तुमचेच. तीन राजांना तुमचे तीन अंगरखे, मेंढपाळांना जतची घोंगडी. पहिल्या वर्षी तुम्ही तुमच्या नाटकाच्या सामानाच्या दुकानातनं परीचे पंखही काढून दिले होते, पांढऱ्या कोंबड्याच्या पिसांचे. मी म्हटलं, आबा, आमच्यात देवदूताला पंख नसतात. मला वाटलं तुम्ही हिरमुसाल. तुम्ही पंख पिशवीत परत कोंबत म्हणालात, "ब्येस झालं. कवा बी बघावं तर विंगेच्या दोरीला अडकत्यात."

तुमच्या धंद्याचं आता कुणाला सांगितलं तर पटत नाही. लोणंदपासून जतपर्यंत जिथं जत्रा तिथं गावकऱ्यांचं नाटक, आणि नाटक तिथं तुमचे पडदे, तुमचे कपडे, तुमची रंगाची पेटी. सगळी नाटकं तुम्हाला पाठ. कुणी आजारी पडला, कुणी ऐन वेळी लाजला, की "मास्तर, तुमी बदली उभारा." आणि तुम्ही उभारायचा. राजा, नोकर, एकदा तर औंधला नायिकेची आई. तुम्हाला कुणाला नाही म्हणताच आलं नाही. आई म्हणायची, ह्यांच्या तोंडात नन्नाचा पाढा देवानं घातलाच न्हाई.

पण त्या जतकडच्या गावातलं मला आज सारखं आठवतं आहे. मी सुट्टीची म्हणून तुमच्याबरोबर टेम्पोतनं आलेली. शाळेच्या खोलीत कपडेपट मांडलेला. सेनापतीचं काम करणारा गडी पिऊन भिंतीला टेकलाय, मान छातीवर. बाहेर लोक शिट्ट्या मारताहेत. तुम्ही त्याच्यापुढं उकिडवे बसता आणि विचारता, "उतरतोस का मी उतरू?" तुम्ही परत विचारता. मी कंटाळून म्हणते, आबा, ह्याला काय कळतंय, घाला की तुम्हीच तलवार. तुम्ही वळून माझ्याकडं असं बघता की मी गाठोड्यामागं सरकते.

"पात्र त्येचं हाय," तुम्ही म्हणालात. "मेंढरं राखताना घोकलंय त्यानं. इचारून घेतलं तर उद्या त्येला गावात म्हणता येतंय, मीच दिलं मास्तरला. न इचारता घेतलं तर ती चोरी, पोरी. शुद्धीत नसलेल्या माणसाची तर लयच वंगाळ."

आणि तो नाही म्हणाला की. "मीच उतरनार," एवढंच पुटपुटला. दुसरा कुणी असता तर हसून तलवार उचलली असती. तुम्ही टँकरच्या पाण्याची घागर त्याच्या डोक्यावर ओतलीत, जिची घागर ती बाई कन्नडमधनं काय काय बोलली ते ऐकून घेतलंत, त्याला लिंबू चाटवलंत आणि थांबलात. पडदा थांबवलात, गाव थांबवलंत. शेवटी तो उतरला, लटपटत, आणि तुम्ही विंगेत उभं राहून त्याला वाक्य न् वाक्य पुरवलंत. वाटेत टेम्पोत मी फुगून बसले होते. तुम्ही मला समजावलंही नाहीत, नुसती शेंगांची पुडी पुढं केलीत.

तर परवाचं. आमच्या नाटकातला धर्मशाळेवाला म्हणजे लोणंदला कंपनीत कामाला असलेला एक पोरगा. त्याची गाडी कुठंतरी अडकली. हॉल भरलेला, आपली माणसं कमी आणि कौतुकानं आलेली बाहेरची जास्त. पोरं म्हणाली, काकू, तुम्हाला पाठ आहे, उतरा. मी म्हटलं, आधी त्याला विचारते. फोन लागेना. अध्यक्ष घड्याळ बघायला लागले. "आवं ताई, रागावणार हाय का तो काय? आपलंच पोरगं हाय." मी फोन लावतच राहिले. नर्सबाईंनी बिचाऱ्यांनी आहेत तेवढी सगळी गाणी वाजवली आणि पहिल्यापासून परत सुरू केली. एकदाचा लागला. पोरगं म्हणालं, "आवं काकू, इचारताय काय, उतरा की." मग जरा थांबून, "पर शेवटचं वाक्य सावकाश घ्या. मी तसं बसवलंय." बघा, आबा. त्याचंही काहीतरी त्यात होतं. मी शेवटचं वाक्य सावकाश घेतलं.

काम एवढंसंच. धर्मशाळेचं दार उघडायचं, थकलेल्या नवरा-बायकोला, म्हणजे येशूच्या आईबापांना, बघायचं आणि म्हणायचं, जागा नाही. फेटा घसरला, लोक हसले. मी ते वाक्य म्हणत होते आणि मनात आलं, हे एक काम तुम्हाला जन्मात जमलं नसतं. तुम्ही म्हणाला असता, या, ट्रंका बाजूला करतो.

आता विचारायचं ते. आमच्यात अशी एक रीत आहे की मेलेल्या माणसाच्या जागी जिवंत माणूस उभा राहून बाप्तिस्मा घेतो. त्याच्या नावानं, त्याच्यासाठी. आमचं मंदिर लांब आहे, तिथं नाव पाठवावं लागतं. बाकीच्यांनी आपापल्या आईबापांची कधीच पाठवली. यांनी सासऱ्यांचं पाठवलं. कुटुंब कायमचं एकत्र राहावं म्हणून करायचं, आणि मी ते मनापासून मानते, म्हणून तर जीव टांगणीला लागला आहे. तुम्ही गेल्यापासून दर नाताळला अध्यक्ष मायेनं विचारतात आणि दर वेळी मी म्हणते, बघू. परवा सामान आवरतानाही विचारलं. मी म्हटलं, एका फेट्यासाठी लोणंदच्या पोराला फोन लावत बसले, आणि बापाला विचारू नको? ते म्हणाले, "तिकडं त्यांना पटलं तर घेतील, न्हाई तर न्हाई म्हणतील. बळजबरी कुठं हाय?" बरोबर आहे त्यांचं.

पण त्यांना ती एक दुपार माहीत नाही. आमच्या गाण्याच्या कार्यक्रमात खर्जाचा आवाज असलेले एक काका आले नव्हते. मी तुम्हाला म्हटलं, आबा, उभे राहता का? तुम्ही आधी त्या काकांच्या घरी चालत जाऊन त्यांना विचारून आलात. मग आमच्यात शेवटच्या रांगेत उभे राहिलात, हातात गाण्याचा कागद, आणि सगळे थांबल्यावरही भजनातल्यासारखी एक तान ओढलीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी केवढी खूश. घरी आल्यावर तुम्ही आंघोळ केलीत आणि रोजच्यापेक्षा लवकर देवापुढं दिवा लावून बराच वेळ बसून राहिलात. मी उंबऱ्यातनं बघितलं आणि मला काही समजलं नाही. तुम्ही गेल्यावर आईनं सांगितलं, "त्यास्नी न्हवतं गं हुबारायचं. तुजं मन मोडाय नको म्हणून हुबारले."

म्हणून हे लिहिते आहे. आबा, तुमच्या जागी कुणी उभं राहिलं तर चालेल का? पत्र कुठं टाकता येणार नाही, ते फेट्याच्या आत पुठ्ठ्याला लावून ट्रंकेत ठेवते.

एक खरं सांगते. तुम्ही नाही म्हणाल याची मला भीती नाही. त्या सेनापतीसाठी तुम्ही थांबलात, तशी मी थांबेन. भीती वाटते ती तुम्ही हो म्हणाल याची.