पोह्यांच्या आधी सांग

ॲडलेड, रविवार

ती. आईस,
राजनंदिनीचा वाकून नमस्कार. मी बरी हाय, डाळ-भात रोज शिजतो. तुझा गुडघा कसा हाय?

फोनवर माझ्या कामाचा विषय काढला की तुला गॅसवरचं दूध आठवतं, म्हणून कागदावर लिहिते.

वाईनरीत सध्या चव बघायचं काम चाललंय. साध्या माणसाला परवडेल अशीच वाईन, पण करायच्या तऱ्हा नव्या. एक सालीसकट मुरवलेली, एक मातीच्या रांजणात. घोट तोंडात फिरवून बादलीत थुंकायचा, गिळायचा न्हाय. चारचौघांत थुंकायची सवय कुठली आपल्याला? मी वळून, तोंडाआड हात धरून थुंकते, तर सगळी हसतात.

रांजणातलीला वास कसला येतो, असं मालकीणबाईंनी विचारलं. मी म्हटलं, "आई लोणच्याची बरणी उघडते तसा." त्यांनी परत वास घेतला आणि यंदाचा एक रांजण माझ्यावर सोपवला. माझ्या एकटीवर, आई!

आणि तू माझ्या लग्नाचं विचारणाऱ्या पेठ वडगावच्या पावण्यांना सांगितलंस, पोरगी सरबताच्या कंपनीत हाय. तवापासून मला झोप न्हाय. उद्या कळणारच की त्यांना. आप्पा तरी काय म्हणाले? का नुसतेच पेपरात तोंड घालून बसले?

पावणे आले की पोह्यांच्या आधी खरं सांग. उठून गेले तर जाऊ देत. पोहे आप्पांना वाढ, आणि मला फोन कर. मी रांजणापाशीच असेन.

तुझी, वाईन करणारी,
नंदू