आजोबांना साक्षीला बोलावल्याबद्दल

नगर, ५ डिसेंबर १९४८

ती. कृपाआत्यास एलियाचा सप्रेम सलाम.

देवकृपेने माझी प्रकृती ठीक आहे, खाणावळीच्या मानाने तर उत्तमच म्हणायची. तुझे गुडघे कसे आहेत? आजोबा नीट जेवतात ना? माझं नाव काढतात का? (काढत नसतील तर मुद्दाम विचारू नकोस.)

पत्रास कारण आमच्या कॉलेजातली वादविवादसभा. ‘गेल्या शतकातले विद्यार्थी आजच्यांपेक्षा अधिक कर्तव्यदक्ष नागरिक होते’ असा विषय. बाजूने बोलायला कोणी मिळेना, कारण स्वराज्य आल्यापासून जो तो स्वतःलाच शहाणा समजतो. मी उभा राहिलो. माझ्यापाशी हुकमाचं पान होतं, ते म्हणजे आपले योहानआजोबा. त्या शतकात ते पुण्याच्या कॉलेजात शिकले आणि वसतिगृहाचं तुंबलेलं गटार स्वतः उतरून त्यांनी साफ केलं, ही गोष्ट आम्ही पोरं लहानपणापासून ऐकत आलो (दर खेपेला गटार थोडं अधिक खोल होत गेलं, ते असो). नुसती गोष्ट सांगण्यापेक्षा माणूसच दाखवावा म्हणून मी त्यांना नेवाशाहून बोलावून घेतलं.

म्हातारा काळा कोट घालून आला आणि व्यासपीठावर बसल्या बसल्या झोपला. मी जोरात सांगत होतो की त्या काळची पोरं सिनेमाला जात नसत, रात्रशाळा चालवत, गावाच्या विहिरी उपसत. (यातलं निम्मं मी आदल्या दिवशी जेवताना रचलं होतं.) टाळ्यांनी आजोबा जागे झाले. तेवढ्यात विरुद्ध बाजूच्या छगनने अदबीने विनंती केली की गटाराची हकीकत आजोबांच्याच तोंडून ऐकू द्यावी.

आजोबा उठले. म्हणाले, आमच्या विद्यार्थी मंडळात नागरिकाच्या कर्तव्यावर दर आठवड्याला इंग्रजीत निबंध वाचले जात. एकदा ठरलं की गटार आपणच साफ करायचं. मग बूट घालून उतरावं की अनवाणी, यावरच कितीतरी सभा झाल्या. पोरं खो खो हसत होती, मीही हसलो. मग ते म्हणाले, “शेवटी कोणी उतरायचं ते ठरवायची वेळ आली. मी ख्रिस्ती झालो हुतो, पण माझी आधीची जात समद्यांना पाठ हुती. कोणी काही बोललं न्हाई. नुसतं माझ्याकडं पाहिलं. मी उतरलो.”

पुढे कोणी हसलं नाही. आमची बाजू पडली. आणि मी, तुझा शहाणा भाचा, मोटारस्टँडपर्यंत त्यांच्याशी भांडत गेलो. घरी कधी सांगितलं नाही ते परक्या पोरांपुढे कशाला सांगितलं, म्हणून. घरी आम्हाला वाईट वाटू नये म्हणून ती गोष्ट ते गोड करून सांगत, हे मला मोटार सुटल्यावर कळलं. तोवर ते माझ्याकडे न बघता मोटारीत चढून गेलेही होते. आत्या, मला फार वाईट वाटतं आहे. हरल्याचं नव्हे. (थोडं हरल्याचंही.)

तुझा,
एलिया

ता. क. : आजोबांना आता अक्षर दिसत नाही, तेव्हा हे पत्र तू त्यांना मोठ्याने वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. वर ‘म्हातारा’ लिहिलं आहे तिथे ‘आजोबा’ वाच.

आणखी एक : आजोबा, गटारातून वर आल्यावर तुम्हाला हातपाय धुवायला पाणी कोणी दिलं? रस्ताभर मी नको ते बोललो, हे विचारलं नाही. उत्तर आत्याकडून लिहवून घेऊ नका. शनिवारच्या मोटारीने मी येतो आहे, तेव्हा मला सांगा.